जुईलीचा खोकला आणि सोळा नंबरचा फिल्टर

९ फेब्रुवारी, रविवार

अमोलने नव्या वर्षाची म्हणून दिलेली ही डायरी दीड महिना कोरी पडली होती. पिरंगुटच्या कारखान्यात एकतीस वर्षे स्टोअरकीपर होतो तेव्हा रोज लिहीत असे. निवृत्त झाल्यापासून लिहिण्यासारखे काही घडेना. आज घडले.

दुपारी जेवताना सूनबाई स्नेहल म्हणाली, जुईलीचा खोकला असाच राहिला तर जूनच्या आत बाणेरला फ्लॅट बघावा लागेल, शाळाही तिकडेच घेऊ. अमोल ताटातल्या भाताकडे बघत राहिला. म्हणजे दोघांचे आधीच बोलणे झाले होते. जुईली माझी नात, वय वर्षे सहा. तिला काही कळले नाही, ती पापड मोजत होती.

अमेरिकेत चार वर्षे काढून अमोल परत आला आणि भरे गावातल्या आमच्या जमिनीवर त्याने हे घर बांधले. त्यात माळ्यावर एक मोठे यंत्र बसवले आहे. तिथून छतातून पत्र्याचे बोगदे प्रत्येक खोलीत जातात. थंडीत ऊबदार हवा, उन्हाळ्यात गार. खिडक्या आहेत, पण त्या फक्त बाहेर बघण्यासाठी. आठ महिने झाले इथे राहायला येऊन, आणि त्यातले तीन महिने, थंडी पडल्यापासून, पोर खोकते आहे. डॉक्टरांनी सांगितले, दमा नाही, पण धुरळ्यापासून जपा. खोकला जास्त असेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. फ्रीजवरच्या कॅलेंडरवर स्नेहल लाल टिकल्या काढते.

मी विचारले, सगळे बंद असताना धुरळा येतोच कुठून? अमोल म्हणाला, "आबा, तो फिल्टरचा इश्यू असणार. राइट फिल्टर सिलेक्ट करायला पाहिजे."

योग्य वस्तू निवडून योग्य जागी ठेवणे हेच मी एकतीस वर्षे केले. म्हटले, हे काम माझ्याकडे दे. पोर इथून गेली तर मला करमणार नाही. तोंडाने हे सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहाटे थंडी मी म्हणत होती. वरच्या वाडीवरचा नथू कामाला आला तेव्हा नेहमीप्रमाणे घराच्या पश्चिमेच्या भिंतीशी शेकोटी केली. तिथे वारा लागत नाही, धूर शांतपणे भिंतीला लागून वर जातो. आम्ही दोघे तासभर शेकत बसलो. पाचोळ्याचा प्रश्नही परस्पर मिटतो.

दहा वाजता पिरंगुटहून निषाद नावाचा एसी मेकॅनिक आला. बोलका माणूस आहे. मला माळ्यावर नेऊन त्याने फिल्टर बाहेर ओढला. पुठ्ठ्याची चौकट, आत घड्या घातलेला कागदी कापडासारखा पडदा. नवा असताना पांढरा असतो म्हणे. आमचा जात्याच्या दगडासारखा दिसत होता. घरातली हवा यातून गाळून पुन्हा घरात येते, आणि थोडी ताजी हवा बाहेरून घ्यावी म्हणून पश्चिमेच्या भिंतीत वर एक झडप ठेवली आहे, असे त्याने समजावले. ते ऐकून बरे वाटले. मुळशीची हवा आहे, शहरातल्यांना विकत मिळायची नाही.

निषाद म्हणाला, हा फेकून द्या, दर तीन महिन्यांनी नवा टाकायचा. चौकट शाबूत, जाळी शाबूत, आणि फेकून द्या! मी विचार करतो म्हणून त्याला चहा देऊन वाटेला लावले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

फिल्टर धुतला. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. पाणी इतके काळे निघाले की मी अमोलला बोलावून दाखवले. मग गच्चीवर बायकोच्या, चंद्राच्या, कुरडयांशेजारी वाळत घातला.

दुपारी पाहिले तर कुरडया वाळल्या होत्या आणि फिल्टर बसला होता. घड्या एकमेकींना चिकटल्या, पुठ्ठा फुगला, एक कोपरा हातात आला. चंद्राने विचारले, "अवो, ह्याची भाजी करायची का तळायचा?" लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी बायकोचा विनोद जुना होत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चार दिवस अभ्यास केला. प्रत्येक फिल्टरला नंबर असतो. आठ, अकरा, तेरा, सोळा. नंबर मोठा तितकी गाळणी बारीक. आठ नंबरात ढोबळ धूळ आणि केस अडकतात, सोळा नंबरातून जवळपास काहीच सुटत नाही. निषादने फोनवर अकरा सांगितला. नातीच्या छातीचा प्रश्न आहे, त्यात अकरा कशाला? सोळाची ऑर्डर दिली.

आणखी एक गोष्ट कळली. फिल्टरवर छापलेले माप आणि खरे माप यांत अर्ध्या इंचाचा फरक असतो, आणि हे सगळ्या जगाला मान्य आहे. मी स्टोअरमध्ये असतो तर गाडी दारातूनच परत पाठवली असती.

जुईलीने विचारले, "आबा, नवीन जाळी आली की माझा खोकला जाळीत अडकेल?" म्हटले, अडकेल. मग तो तिथून काढून कुठे टाकायचा, हा तिचा पुढचा प्रश्न.

५ मार्च, बुधवार

सोळा नंबर रविवारी बसवला. चौकटीवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवायचा असतो, तोही बरोबर ठेवला. स्टोअरमध्ये ठेवायचो तसे बिन कार्ड करून माळ्याच्या दाराला लटकवले: वस्तू, नंबर, तारीख, सही.

सोमवारी गार हवा कमी वाटली. मंगळवारी झरोक्याला हात लावला तर म्हाताऱ्या माणसाच्या फुंकरीएवढी हवा. आज बंद. निषाद आला, त्याने झाकण उघडले आणि आतल्या नळ्यांवर चक्क बर्फ जमला होता. मार्च महिन्यात, भऱ्यात, बर्फ. जुईली खूष होती.

निषादने बर्फ नखाने खरवडून पाहिला. मग म्हणाला, "आबा, तुमी तोंडावर घोंगडी घेऊन पळून बघा. धूळ जाणार न्हाई, खरं हाय. पण पळता किती येतंय तेबी बघा. ह्या मशीनचा दम बघूनच फिल्टर घ्यायचा असतुया."

नंबर मोठा म्हणजे वस्तू चांगली, हे मी गृहीत धरले होते. इतकी वर्षे नटबोल्ट सांभाळून हे कळायला हवे होते.

त्यानेच उपाय काढला. तेरा नंबर, पण चार इंच जाड. घड्या खोल असल्या की पडद्याचा पसारा मोठा होतो, हवेला वाट मिळते आणि धूळही अडते. फक्त चौकटीचा खण रुंद करावा लागेल. ते काम तो करून देणार.

१६ मार्च, रविवार

बांधावरचे वाळले गवत जाळले. मी आणि नथू. भाताच्या वाफ्यावर राब भाजण्याआधी बांध स्वच्छ करून घ्यायची आमच्याकडची पद्धत. हवा छान होती.

स्नेहलने अंगणात येऊन विचारले, "आबा, आज वारा कुठून आहे?" हल्ली ती रोज विचारते. पुण्यात वाढलेली मुलगी, पण शेतीची गोडी लागते आहे. मी बोट ओले करून दाखवले, पश्चिमेचा. संध्याकाळपर्यंत असाच राहील, असेही सांगितले. ती बरं म्हणून आत गेली आणि जुईलीला घेऊन कासारसाईच्या धरणावर फिरायला गेली. दोघी परत आल्यावर पोर पुन्हा खोकायला लागली. तिकडच्या पाण्याचा गारवा बाधला असावा.

२७ मार्च, गुरुवार

जाड तेरा नंबर बसला. हवा झोकात येते, आवाजही कमी. निषादने सांगितले, आता मशीनला फिल्टर आणि फिल्टरला मशीन दोन्ही शोभतात. मी नवे बिन कार्ड लिहिले. स्नेहलने माझ्यासाठी मुद्दाम आले घालून चहा केला. बाणेरचे नाव आज कोणी काढले नाही.

६ एप्रिल, रविवार

पहिला राब भाजला. वारा पश्चिमेचा.

पुढच्या कोणी ही डायरी वाचली तर कळावे म्हणून लिहितो. भाताची रोपे जिथे करायची त्या वाफ्यावर ऐनाच्या झाडाचे डहाळे, शेण, पाचोळा, गवत असे थर रचायचे, वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे सावकाश भाजते. तण मरते, राख मिळते, रोप तरारून येते. माझ्या वडिलांनी केले, त्यांच्या वडिलांनी केले. आमचा आंबेमोहोर तांदूळ घरात शिजला की वास रस्त्यावर जातो, तो ह्या राबामुळे. राब घराच्या पश्चिमेला चार वाफ्यांवर असतो. विहीर तिकडेच आहे.

नथू आज उगाच अडून बसला होता. म्हणाला, "आबा, धूर कुटं जातुया बगा की. कासारसाईला माजा मेव्हणा हाय, तितं आता कोन राब भाजत न्हाई. माती उंच करून शेणखताचा गादीवाफा करत्यात. रोप लई झ्याक येतंय." मी म्हटले, तुझ्या मेव्हण्याचा भात मी खाल्लेला नाही. तो हसला आणि काडी पेटवून माझ्या हातात दिली. स्वतः पेटवला नाही. उन्हाने कंटाळला असेल.

७ एप्रिल, सोमवार

जुईली रात्रभर खोकली. सकाळी डोळे सुजलेले. फ्रीजवर लाल टिकली. जाड तेरा नंबर असून! आता फिल्टरला दोष देता येत नाही, म्हणजे दोष बाहेरचा आहे. टेकडीपलीकडे पूर्वेला खडीचा क्रशर आहे, त्याचाच धुरळा. मला आधीपासून वाटत होते. ग्रामपंचायतीत अर्ज देणार.

१५ एप्रिल, मंगळवार

रविवारी दुसरा राब भाजला. आज निषाद दुसरीकडच्या कामाला आला होता, त्याला म्हटले फिल्टर बघून जा. बाहेर काढला तर अठरा-एकोणीस दिवसांत काळा. तीन महिने चालायला हवा होता. निषादने घडीतून चिमटीने काहीतरी उचलले आणि माझ्या तळहातावर ठेवले. जळलेल्या पानाचा तुकडा, शिरा तशाच. ऐनाचे पान. मी ते अंधारातही ओळखेन.

"क्रशरमदी पानं दळत्यात का, आबा?" निषादने विचारले.

कावळ्याने आणून टाकले असेल, असे मी म्हणालो. निषाद फिल्टर झटकायला लागला. कावळा जळके पान कशाला आणेल, हे मला नंतर सुचले. वावटळीने आले असेल.

अर्जावर सतरा सह्या झाल्या.

२० एप्रिल, रविवार

तिसरा राब. चौथा वाफा पुढच्या महिन्यात, डहाळे अजून हिरवे आहेत.

वारा पश्चिमेचाच. स्नेहलने आजही विचारले. मी सांगितल्यावर ती म्हणाली, ती जुईलीला घेऊन दोन दिवस आईकडे कोथरूडला जाते. जाताना पोरीने मला खिडकीतून हात केला. बंद खिडकीतून आवाज येत नाही, फक्त तोंड हललेले दिसते.

२३ एप्रिल, बुधवार

दोघी परत आल्या. कोथरूडला खोकला अजिबात नव्हता. भर शहरात! अमोलने फ्लॅटवाल्याला फोन केला. अकरा मेपर्यंत टोकन द्यायचे म्हणतो. "आबा, आम्ही वीकेंडला येत जाऊ ना." वीकेंडला पाहुणे येतात. नात घरात असावी लागते.

क्रशरचा अर्ज भक्कम करायचा. ग्रामसेवक म्हणाले, नुसती तक्रार नको, त्रास झालेल्या तारखा जोडा. सोपे आहे. लाल टिकल्या फ्रीजवर आहेत.

४ मे, रविवार

आज दुपारी सगळे झोपलेले असताना कॅलेंडर उतरवून घेतले आणि तारखा एका कागदावर उतरवल्या. शेजारी रकाना केला: त्या दिवशी काय घडले. आठवणीवर विसंबायचे नाही ही जुनी शिस्त, म्हणून ही डायरी उघडली.

लाल टिकली, ११ फेब्रुवारी. डायरी: शेकोटी, पश्चिमेची भिंत.

लाल टिकली, १६ मार्च. डायरी: बांधावरचे गवत.

लाल टिकली, ७ एप्रिल. १४ एप्रिल. डायरी: राब, राब.

२१ आणि २२ एप्रिल कोऱ्या. पोर कोथरूडला होती.

वाऱ्याचाही रकाना केला. पश्चिम, पश्चिम, पश्चिम. माझ्याच अक्षरात. क्रशर पूर्वेला.

मी स्टोअरमध्ये चोरी पकडायचो ती अशीच. दोन कागद शेजारी ठेवायचे, तारखा बोलायला लागतात. चोराची सही शेवटच्या पानावर असायची. आज सही माझी निघाली.

पोरीला मीच धुरी दिली इतके महिने, आणि तेरा नंबर, सोळा नंबर करत माळ्यावर चढलो. लाज वाटली. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. वडील आठवले. त्यांच्या वेळी घराला झडप नव्हती, पण घरात आजी होती आणि तीही सारखी खोकायची. कोणी टिकल्या काढल्या नाहीत, एवढाच फरक.

५ मे, सोमवार

सकाळी स्नेहल एकटी स्वयंपाकघरात होती. कागद तिच्यासमोर ठेवला. म्हटले, बघ.

तिने वाचला. तिला आश्चर्य वाटले नाही. ते बघून मीच खाली बसलो. तिला विचारले, तुला कधीपासून माहीत आहे?

"मार्चपासून, आबा. म्हणून तर वारा विचारायचे."

मग बोलली का नाहीस?

तिने कागदाची घडी घातली. "राब तुमच्या आजोबांपासूनचा आहे. मी अकरा महिन्यांपूर्वी इथे राहायला आलेली. तुम्ही भाताचं किती कौतुकानं सांगता. मी कोणत्या तोंडानं सांगणार होते, की तुमच्यामुळे होतंय म्हणून? फ्लॅटचं निमित्त सोपं वाटलं."

म्हणजे ही मुलगी घर सोडून जायला तयार झाली, पण मला एक वाक्य बोलायला धजावली नाही. नथूने सांगून पाहिले, मी त्याच्या मेव्हण्याच्या भातावर घसरलो. निषादने पान हातात ठेवले, मी कावळा उडवला. मी इतका भयंकर माणूस आहे, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी कळले. तिला म्हटले, यापुढे माझे चुकले की तोंडावर सांगायचे. ती लगेच म्हणाली, मग त्या बिन कार्डावर तुम्ही अर्धे कार्ड व्यापणारी सही करता ती जरा लहान करा, निषादला नोंद करायला जागा उरत नाही. सुरुवात जोरात झाली.

६ मे, मंगळवार

चढण चढून वरच्या वाडीवर नथूच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत तो माझ्याकडे आला, मी त्याच्याकडे पहिल्यांदाच. त्याच्या बायकोने, लिलाबाईने, पाणी दिले. म्हटले, नथू, तुझ्या मेव्हण्याला बोलव. चौथा वाफा भाजायचा नाही, गादीवाफा करायचा.

नथू म्हणाला, "आबा, आंबेमोहोराचा वास गेला तर मंग?"

गेला तर जाऊ दे, असे मी म्हणालो. म्हणताना मी रिकामा तांब्या पुन्हा तोंडाला लावला, हे त्याने पाहिले. त्याने विषय बदलून शेणखत कुजलेले आहे का ते विचारले.

१० मे, शनिवार

अर्ज मागे घेतला. ग्रामसेवकांनी कारण विचारले. म्हटले, दोषी दुसराच निघाला. कोण, तर म्हणालो, भऱ्याचाच आहे, वयस्कर आहे, सुधारण्याची आशा आहे. सतराही सह्यावाल्यांना घरोघर जाऊन सांगावे लागले. त्यातल्या दोघांनी आपापले राब अजून भाजायचे आहेत असे सांगून मला चहा दिला. त्यांना मी नथूचा नंबर देऊन आलो.

अमोलने फ्लॅटवाल्याला फोन केला नाही. त्याला म्हटले, उद्या अकरा तारीख. तो म्हणाला, "बघू, आबा. जूनपर्यंत बघू." एवढ्यावर मी पोटभर जेवलो.

२८ मे, बुधवार

निषादने नवा तेरा नंबर बसवून आज वीस दिवस झाले. बाहेर काढून पाहिला. कडेला किंचित करडा, मध्ये पांढरा. निषाद म्हणाला, फिल्टर पहिलाबी ह्योच हुता, आबा. मी म्हटले, ठाऊक आहे, आता पुन्हा सांगू नको.

मे महिन्यात एकही टिकली नाही. ते पान चंद्राने जपून ठेवायचे ठरवले आहे.

१५ जून, रविवार

गादीवाफ्यावरची रोपे बोटभर झाली आहेत. नथूचा मेव्हणा शंभू रोज फोन करून विचारतो, जणू त्याने आमच्या घरात मुलगी दिली आहे. तीन वाफे राबाचे, एक शेणखताचा. खरे सांगायचे तर शेणखताचा जास्त हिरवा आहे. हे नथूला अजून सांगितलेले नाही. त्याने पाहिले आहेच.

जुईली उद्यापासून पिरंगुटच्या शाळेत जाणार. नवे दप्तर पाठीला लावून सकाळपासून घरात हिंडते आहे.

दुपारी सगळे जेवायला बसलो होतो. मध्येच जुईलीला जोराचा ठसका लागला. अमोल थांबला, स्नेहल थांबली, चंद्राने वाढता वाढता पळी तशीच धरली, आणि तिघांनीही एकदम माझ्याकडे पाहिले.

मी दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. काडेपेटी नव्हती.

पोर पाणी प्यायली आणि डोळे पुसून म्हणाली, "आबा, ही लसणाची चटणी कुठल्या नंबरच्या जाळीत अडकते?"